कान खाजवला आणि ऑर्डर गेली: धंदेवाल्याने इअरबड्स घेताना काय बघावं?



"सर, कोणता धंदा करू?" या प्रश्नानंतर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न माहीत आहे कोणता? "सर, तुमच्या कानातले इअरबड्स कोणते?" पहिल्या प्रश्नाला मी तासभर बोलतो. दुसऱ्याला आजवर हसून टाळत होतो. आज नाही टाळणार. कारण या कानातल्या दोन दाण्यांनी माझं एकदा चांगलंच नुकसान केलंय.

झालं असं. मी स्वारगेटला एसटीची वाट बघत उभा. एका पतसंस्थेतून फोन आला, त्यांच्या बचत गटातल्या महिलांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण हवं होतं. बोलणं छान चाललेलं, तारखा ठरत आलेल्या, समोरचे साहेब म्हणाले, "मग मानधनाचं काय?" आणि नेमका त्याच क्षणी कानातला बड जरा सैल झाला म्हणून मी तो बोटाने नीट बसवला. एवढंच. फोन कट. टच कंट्रोल होतं ना! दोनदा बोट लागलं की कॉल बंद. मी परत लावला तर त्यांचा बिझी. पुन्हा लावला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की साहेबांना वाटलं, पैशाचा विषय निघाल्यावर मी मुद्दाम फोन ठेवला. काम दुसऱ्याला गेलं. १८,००० रुपयांचं काम आणि साडेतीन हजारांचे इअरबड्स! हिशोब तुम्हीच करा.

त्या दिवसापासून मी इअरबड्सकडे गाणी ऐकायची वस्तू म्हणून बघणं सोडलं. आपल्यासाठी ते दुकानाचं काउंटर आहे. गिऱ्हाईक तिथे उभं राहून आपल्याशी बोलतं. काउंटर डगमगता कामा नये.

आता दुकानात गेलात की विक्रेता काय सांगतो? "साहेब, ६० तास बॅटरी. बेस बघा. गेमिंग मोड आहे." बॉक्सवर हेच मोठ्या अक्षरात असतं. आणि जे आपल्याला रोज लागतं, म्हणजे कॉल कसा उचलायचा, एक बड एकटा चालतो का, समोरच्याला आपला आवाज कसा जातो, ते बॉक्सच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात, किंवा नसतंच. माझं स्पष्ट मत आहे: धंदेवाल्याने बॉक्स आधी मागून वाचावा.

पहिला गोंधळ मिटवू, कारण यात लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात. बॉक्सवर दोन शब्द असतात, एएनसी आणि ईएनसी. दिसायला भाऊ-भाऊ, काम एकदम वेगळं. एएनसी म्हणजे तुमच्या कानात येणारा बाहेरचा आवाज कमी करणं. त्याचा फायदा तुम्हाला. ईएनसी म्हणजे तुमच्या माइकमधून समोरच्याकडे जाणारा बाहेरचा गोंगाट कमी करणं. त्याचा फायदा तुमच्या गिऱ्हाइकाला. किंमत वाढते ती बहुतेक एएनसीमुळे. आणि धंद्याला जास्त लागतं ते ईएनसी.

चिंचवडला आमच्या बॅचमधल्या एक ताई आहेत, पोळी-भाजी केंद्र चालवतात. सकाळी नऊ ते बारा त्यांचे हात कणकेत आणि फोन सतत चालू. मुलाने हौसेने एएनसीवाले इअरबड्स आणून दिले, साडेचार हजारांचे. आठ दिवसांत ताई वैतागल्या. म्हणाल्या, "सर, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत मला. वरण दोनदा लागलं. आणि गिऱ्हाईक म्हणतंय, मावशी, तुमच्या मिक्सरचाच आवाज येतोय." बघा म्हणजे! जो आवाज त्यांना ऐकायला हवा होता तो बंद झाला, आणि जो गिऱ्हाइकाला जायला नको होता तो जोरात जात होता. इअरबड्स खराब होते का? अजिबात नाही. पुण्याहून मुंबईला बसने झोपून जायला उत्तम होते.

एएनसीवाल्या सेटमध्ये बहुधा ट्रान्सपरन्सी मोड असतो, बाहेरचा आवाज मुद्दाम आत घेणारा. तो चांगला असतो, नाही म्हणत नाही. पण त्याच्यासाठी जादा पैसे देण्याआधी एक फुकटचा उपाय सांगतो: एकच बड घाला. दुसरा कान मोकळा. झाला ट्रान्सपरन्सी मोड!

आणि इथे खरी सोय येते, जी मी यादीत फार वर ठेवतो. दोन्ही बड स्वतंत्र चालले पाहिजेत. सुरुवातीच्या बऱ्याच सेटमध्ये एक बड मालक आणि दुसरा नोकर असायचा, मालक केसमध्ये गेला की नोकरही गप्प. आता बहुतेक चांगल्या सेटमध्ये डावा किंवा उजवा, कोणताही एकटा चालतो. याचा फायदा काय? एक कानात, एक केसमध्ये चार्जिंगला. पहिला दमला की अदलाबदल. दिवसभर फोन चालू ठेवणाऱ्याला यापेक्षा मोठी बॅटरी कोणतीच कंपनी देणार नाही. दुकानातच तपासा: उजवा केसमध्ये ठेवून डाव्यावर कॉल, मग उलटं. दोन मिनिटं लागतात. विक्रेत्याने तोंड वाकडं केलं तर करू द्या.

बॅटरीचं निघालंच आहे तर ते ६० तासांचं प्रकरणही सांगून टाकतो. तो आकडा केस धरून असतो. म्हणजे केस पुन्हा पुन्हा बड्स भरत राहील, तेव्हा कुठे एवढे तास. एका दमात किती, ते वेगळं. आणि बोलण्यासाठी किती, ते आणखी वेगळं, कारण कॉलमध्ये माइकही चालू असतो. उदाहरण घ्या. ॲपलच्या एअरपॉड्स प्रोची दुसरी पिढी, भरपूर महाग वस्तू. कंपनीचाच आकडा केससकट ३० तास ऐकण्याचा. पण एका चार्जमध्ये ६ तास, आणि बोलायला साडेचार तास. हे कंपनीने लपवलेलं नाही, लिहिलेलं आहे. आपण वाचत नाही. मग "४० तास", "६० तास" लिहिलेल्या सेटमध्ये बोलण्याचे तास किती, हा प्रश्न विचाराल की नाही?

त्यापेक्षा क्विक चार्ज बघा. पाच-दहा मिनिटं केसमध्ये ठेवलं की तासभर चाललं पाहिजे. गिऱ्हाइकाला चहा देईपर्यंत बड्स पुन्हा तयार. आणि केसचं चार्जिंग टाइप-सी हवं, म्हणजे फोनची वायर चालते. वायरलेस चार्जिंगवाली केस? छान दिसते. पुढे चला.

आता माझा दुखरा मुद्दा, टच की बटण? माझ्या दृष्टीने कामाच्या माणसाला टच कंट्रोल म्हणजे शत्रू. ओल्या हाताला ते धड ओळखत नाही, घामाने ओलं झालं तर स्वतःहूनच काहीतरी करतं, ओढणी लागली, केस लागले, मफलर लागला, की कॉल गेला. कणीक, तेल, ग्रीस, मेंदी, शिवणकामाचा खडू, आपल्यापैकी कुणाचे हात कामाच्या वेळी कोरडे आणि स्वच्छ असतात सांगा? खरं दाबायचं बटण असेल तर चुकून लागत नाही. त्याचा तोटा एवढाच की दाबताना बड कानात रुततो आणि दिवसात पन्नास कॉल असतील तर संध्याकाळी कान दुखतो. यातला मधला मार्ग म्हणजे दांडी चिमटीत दाबायची पद्धत. एअरपॉड्स प्रोमध्ये ती २०१९ पासून आहे, नथिंग कंपनीच्याही काही सेटमध्ये आहे. चिमटा घेतल्याशिवाय काही होत नाही, आणि कानही दुखत नाही. मला विचाराल तर हीच सगळ्यात शहाणी रचना.

आणि तुमच्याकडे टचवालाच सेट असेल तर? फेकू नका. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये जाऊन टचची कामं बदलता येतात किंवा टच पूर्ण बंद करता येतो. आजच जाऊन बघा. मी हे ऑर्डर गेल्यावर बघितलं.

दोन उपकरणांना एकाच वेळी जोडण्याची सोय, जिला मल्टिपॉइंट किंवा ड्युअल कनेक्शन म्हणतात, तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारणा होते. घरचा फोन वेगळा, धंद्याचा वेगळा. किंवा फोन आणि लॅपटॉप. लॅपटॉपवर मीटिंग चालू आहे आणि फोन वाजला, तर इअरबड्सने स्वतःच तिकडे गेलं पाहिजे. ही सोय नसेल तर काय होतं? ब्लूटूथमध्ये जा, इकडचं तोडा, तिकडचं जोडा. तोवर गिऱ्हाइकाने पुढचा नंबर फिरवलेला असतो.

पण थांबा. तुमचे दोन्ही नंबर एकाच ड्युअल सिम फोनमध्ये आहेत का? माझ्या बॅचमध्ये बहुतेकांचे तसेच असतात. मग तुम्हाला या सोयीची काही गरज नाही! इअरबड्सला सिम कळत नाही, फोन कळतो. एक फोन, एक जोडणी, दोन्ही नंबरचे कॉल येणारच. विक्रेता हे सांगणार नाही.

ज्यांना खरंच लागते त्यांनी एक फरक नीट समजून घ्या. ॲपलचे एअरपॉड्स आयफोन, आयपॅड आणि मॅक यांच्यात आपोआप उडी मारतात, पण सगळी उपकरणं त्याच ॲपल खात्यावर हवीत. सॅमसंगच्या गॅलेक्सी बड्सचं आपोआप बदलणंही सॅमसंगच्या घरातलंच. म्हणजे ही घरातल्या घरातली सोय झाली. तुमचा धंद्याचा फोन एका कंपनीचा अँड्रॉइड, घरचा दुसऱ्या कंपनीचा आणि लॅपटॉप विंडोजचा असेल, तर खरा मल्टिपॉइंट हवा, ज्याला कंपनीशी देणंघेणं नसतं. आपल्या पंचमेळ संसाराला कित्येकदा दोन-तीन हजारांचा मल्टिपॉइंटवाला सेट वीस हजारांच्या सेटपेक्षा जास्त उपयोगी पडतो. हे माझं मत अनेकांना पटत नाही, पण वापरून बघा.

आणि "पुढच्या अपडेटमध्ये येईल" यावर पैसे लावू नका. सोनीचा डब्ल्यूएफ-१०००एक्सएम४ हा त्यांचा सगळ्यात वरचा सेट २०२१ मध्ये आला, तेव्हा त्यात मल्टिपॉइंट नव्हता. अपडेटने आला तो २०२३ मध्ये. आला हे खरं, पण घेतलेल्याने दोन वर्षं काय करायचं? उलटंही होतं. जब्रा ही बटणं आणि दोन उपकरणांची जोडणी देणारी, कामाच्या लोकांना मानवणारी कंपनी. तिच्या मालकांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं की ग्राहकांसाठीची इलाइट मालिका बंद करतोय. मला वाईट वाटलं. चांगली वस्तू बाजारात टिकतेच असं नाही, हे आपण धंदेवाल्यांनी तरी ओळखायला हवं.

कानातून काढला की गाणं थांबतं, ती सेन्सरची सोय चैनीची वाटते ना? मी तिला शिष्टाचाराची सोय म्हणतो. दुकानात गिऱ्हाईक आलं, तुम्ही बड काढून हातात घेतला, आवाज थांबला, नजर गिऱ्हाइकाकडे. त्याला कळतं की हा माणूस माझ्यासाठी थांबला. कानात बड ठेवूनच "बोला काय पाहिजे" म्हणणारा दुकानदार मला स्वतःला आवडत नाही, मग गाणं बंद असलं तरी. मात्र कॉल चालू असताना ही सोय प्रत्येक सेटमध्ये वेगळी वागते, कुठे आवाज फोनच्या स्पीकरवर जातो. चार लोकांसमोर उधारीचं बोलणं स्पीकरवर गेलं तर पंचाईत. घरी एकदा करून बघा.

पाणी आणि धूळ. बॉक्सवर आयपीएक्स४ लिहिलेलं असतं. त्यातला ४ म्हणजे कुठल्याही बाजूने उडालेले शिंतोडे चालतील. ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. आणि मधला एक्स? त्याचा अर्थ, धुळीची चाचणी सांगितलेलीच नाही! फर्निचरचं काम करणारे आमचे एक दादा आयपीएक्स७ घेऊन आले आणि खूश होते. म्हटलं, दादा, तुम्ही पोहत रंधा मारता का? तुम्हाला भुशाची भीती, पाण्याची नाही. सुतारकाम, बेकरी, पिठाची गिरणी, बांधकामाची साइट, असं काही असेल तर आयपी५४ किंवा आयपी५५ असं एक्सच्या जागी आकडा असलेलं बघा. पहिला आकडा धुळीचा. आणि हे रेटिंग पुष्कळदा फक्त बड्सचं असतं, केसचं नाही. ओले बड्स पुसल्याशिवाय केसमध्ये टाकू नका.

आवाज समोरच्याला कसा जातो, हे तपासायची एकच खरी पद्धत. दुकानाच्या दारात या, जिथे रिक्षा-बसचा आवाज आहे. घरी फोन लावा आणि विचारा, "मी नीट ऐकू येतोय का?" गाणं लावून बेस ऐकू नका. गाण्याच्या वेळी ब्लूटूथ एका पद्धतीने चालतं आणि कॉलच्या वेळी दुसऱ्या, माइक सुरू झाला की आवाजाचा दर्जा बऱ्याचदा खाली येतो. त्यामुळे गाण्यात राजा असलेला सेट कॉलमध्ये भिकारी निघू शकतो. ऑनलाइन घेत असाल तर पैसे परत मिळतात की नुसतं रिप्लेसमेंट, ते आधी वाचा, आणि पहिल्या दोन दिवसांत ही चाचणी उरका. आणि हो, रील किंवा यूट्यूबसाठी आवाज रेकॉर्ड करायला इअरबड्सचा माइक वापरू नका. कॉलर माइक घ्या.

हरवण्याचं काय? एक बड हरवला तर सुटा मिळतो का, हे घेण्याआधी विचारा. स्वस्तातल्या बऱ्याच ब्रँडमध्ये मिळत नाही, मग दुसराही बड असून नसल्यासारखा.

म्हणूनच एक गोष्ट सांगतो, जी ऐकून आमची तरुण मंडळी नाक मुरडतात. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना इअरबड्स नकोतच. नेकबँड घ्या. हजार-बाराशेत चांगला येतो. गळ्यात लटकतो, गटारात पडत नाही, खरं बटण असतं आणि तेही कानात नाही तर छातीजवळ, अंगठ्याने आंधळेपणाने सापडणारं. केस शोधायची नाही. एक कान काढून सोडून दिला तरी गळ्यातच. दिसायला जुना वाटतो? वाटू दे. गिऱ्हाईक आपल्या कानाकडे बघून ऑर्डर देत नाही. शिवणकाम, स्वयंपाक, डिलिव्हरीचं पॅकिंग, दुरुस्तीचं काम करणाऱ्यांना मी डोळे झाकून नेकबँड सांगतो. सतत लोकांसमोर बसणारे, मीटिंगवाले, विमा किंवा कन्सल्टिंगवाले, त्यांना इअरबड्स शोभतात आणि उपयोगीही पडतात. गाडी चालवताना मात्र दोन्ही नको. ऑर्डर बाजूला थांबून घ्या.

पैशाची गोष्ट राहिली. तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन असेल आणि वस्तू धंद्यासाठी असेल, तर बिल धंद्याच्या नावाने, आपला जीएसटी नंबर टाकून घ्या. यावर १८ टक्के कर लागतो. म्हणजे २,००० च्या मूळ किमतीवर ३६० रुपये, आणि ते इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकतात. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर हे क्रेडिट नाही. रजिस्ट्रेशनच नसेल तरी पक्कं बिल घ्याच, खर्चात दाखवता येतं आणि वॉरंटीला लागतं. फूटपाथवरचा तीनशेचा सेट बिलाशिवाय घेतलात तर तो खर्चही नाही आणि वस्तूही नाही.

माझ्या कानात सध्या काय आहे, ते सांगायचं राहिलं. चिमटीवाला, दोन उपकरणांना जोडला जाणारा, मधल्या किमतीचा सेट आहे. नाव सांगत नाही, कारण मग तुम्ही बॉक्स मागून वाचणार नाही. त्याची केस गुळगुळीत आहे, हातातून सटकते, एका कोपऱ्याला चीर गेलीय. कॉल मात्र अजून एकही कट झालेला नाही.

आणि चिंचवडच्या ताईंनी ते एएनसीवाले इअरबड्स मुलाला परत दिले, तो लोकलने कॉलेजला जाताना वापरतो. त्यांनी बाराशेचा नेकबँड घेतला. परवा मी दिवाळी फराळाच्या ऑर्डरचं विचारायला फोन केला. एक कान मोकळा, एका कानात मी. चकलीचा भाव सांगता सांगता मध्येच म्हणाल्या, "सर, एक मिनिट हं, तिसरी झाली, गॅस बंद करते." आणि परत येऊन पुढचा भाव सांगितला.